रेघेखालचं

माझी वहिनी चालताना खांबाला धडकते आणि खांबालाच सॉरी म्हणते. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, ही बाई निम्मी इथे आहे, उरलेली निम्मी कधी येणार? बाबा म्हणाले, नवरा जहाजावर आहे तिचा, उरलेली तिकडे असणार. मला ते पटलं नाही. मला पटकन काहीच पटत नाही, आणि पटलं नाही की मी गप्प बसत नाही. बाबा मला ठिणगी म्हणतात ते उगीच नाही. मी घरी बसून कारखान्यांच्या कामगारांचे गणवेश शिवते, लग्न केलेलं नाही. माझ्या तोंडापुढे टिकेल असा कोणी भेटला नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणते, भेटला असता तर त्याचं कठीण होतं.

तर वहिनी. ती एका जहाज कंपनीच्या ऑफिसात आहे. दादाही त्याच कंपनीच्या जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. कंपनीची जहाजं महिनोन्‌महिने पाण्यावर असतात आणि घरच्यांचे ईमेल त्यांच्यापर्यंत जातात ते वहिनीच्या सर्व्हरमधून. गोदीमागच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लहानशी गार खोली आहे. आत लोखंडी कपाटं, त्यात बारीक हिरवे दिवे आणि दिवसभर एकच घूं घूं. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. वहिनी डोळे मिटून कपाटाला टेकून उभी होती. मला वाटलं, हिला भोवळ आली. तर म्हणाली, नाही गं, जातायत ते ऐकतेय. मी म्हटलं, काय जातंय? म्हणाली, बोलणी. आत्ता या क्षणी कुणाच्या तरी पोराला दात आल्याचं इथून वर आकाशात जात असेल आणि तिकडे भर समुद्रात कुणाच्या तरी हातात पडत असेल. ती कुणाचं वाचत नाही, वाचायचं नसतंच. पण जवळून जाताना तिला बरं वाटतं. मला तिथे फक्त थंडी वाजली.

आता जहाजाशी बोलायचं ते आकाशातल्या उपग्रहामार्फत, आणि तो रस्ता फार अरुंद. एकाने मोठं गाठोडं पाठवलं की मागचे सगळे खोळंबतात. आणि लोक काय काय पाठवतात! मोठमोठे फोटो, रंगीत अक्षरं, प्रत्येक उत्तराखाली आधीची सगळी रामकहाणी, आणि सर्वांत खाली नाव, हुद्दा, पत्ता, फोन, कंपनीचं चिन्ह आणि कुणी न वाचलेली कायदेशीर तंबी. मजकूर बोटभर आणि शेपूट हातभर. म्हणून वहिनीने एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हरला सांगून ठेवलेलं काम: येणारा-जाणारा प्रत्येक ईमेल उघडायचा, फोटो लहान करायचा, रंग धुऊन काढायचे, जुनं काढून टाकायचं, आणि पुढे सोडायचा. माणसाने हात लावायचा नाही, आपलं आपण होतं. खालची शेपूट ओळखायची कशी, तर लोक बहुधा तिच्या वरच्या बाजूला आडव्या रेघा मारतात. अशी नुसत्या रेघांची ओळ दिसली की तिथून खालचं सगळं छाटायचं, असं तिने स्क्रिप्टला शिकवलं.

छाटलेलं कुठे जातं, असं मी विचारलं होतं. माझ्याकडे कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. वहिनी म्हणाली, कुठेच जात नाही, नाहीसं होतं. हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

ईमेल जहाजांवर भराभर पोचायला लागले. साहेब खूश झाले. ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायला लागले आणि ती त्यावर हसायची. स्वतःच्या कामावर तिचा जीव होता. कधी स्वप्नात आपणच ती स्क्रिप्ट असतो, म्हणायची. समुद्रकाठी बसलोय, ओळीने पाखरं येतायत, प्रत्येकाचे भिजलेले पंख पुसायचे आणि उडवून द्यायचं. मी म्हटलं, स्वप्नात तरी सुट्टी घे.

आमच्या बाबांचं आणि दादाचं मात्र बिनसलं होतं. मागच्या खेपेला दादा घरी आला आणि महिनाभर राहून, कुणाला न विचारता, पुढच्या लांबच्या सफरीची सही करून आला. बाबा म्हणाले, जा, तुझं घर पाण्यावरच आहे. निघायच्या दिवशी ते खोलीतून बाहेर आले नाहीत. दादानेही दार ठोठावलं नाही. बाप तसा बेटा. आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही, वाट बघायची आहे.

आणि मग बाबांचे डोळे. जन्मभर छापखान्यात उलटी अक्षरं वाचून खिळे जुळवलेला माणूस, एक दिवस वर्तमानपत्र घेऊन बसला आणि म्हणाला, यांनी मधला मजकूर का छापला नाही? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मधलं आधी जाईल, म्हणाल्या. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. परत आलो तेव्हा बाबा घराच्या पायऱ्यांवर थांबून म्हणाले, पोराचा चेहरा बघायचाय मला. दिसतंय तोवर. मागच्या वेळी बघितलाच नाही.

वहिनी म्हणाली, मी आजच लिहिते त्यांना. बाबा एकदम कडक झाले. माझे डोळे आहेत, मी सांगेन. तुम्ही दोघींनी अवाक्षर काढायचं नाही. तुमच्या रडारडीने तो येणार असेल तर नकोच. आम्ही शब्द दिला. बाबांनी भिंग लावून, एकेक अक्षर शोधून दादाला ईमेल लिहिला. आम्ही कानोसा घेत राहिलो.

दादाचं उत्तर आलं. हवा ठीक आहे, इंजिन कुरकुरतंय, जेवणात मीठ जास्त असतं. डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. बाबांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, आता इंजिन बरं आहे. असं कितीतरी दिवस चाललं. बाबा विचारल्यावर म्हणायचे, सांगितलंय त्याला, त्याची मर्जी. आणि उठून खिडकीपाशी जाऊन बसायचे. त्यांच्या डोळ्यांतलं मधलं धुकं हळूहळू पसरत होतं. आधी घड्याळाचे काटे गेले, मग चमच्यातलं औषध, मग माझं नाक. नाक गेल्याचं दुःख नाही, म्हणाले, तोंड ऐकू येतंय.

मी हसले आणि शिवणाच्या खोलीत जाऊन रडले. दादाच्या नावाने मी तेव्हा जे जे बोलले ते कागदावर उतरणार नाही. पोटचा पोर की दगड? वहिनीचे त्याला जाणारे ईमेल आखूड झाले. पूर्वी ती त्याला आकाशाचे रंग कळवायची. आता कळवायची, सगळे बरे आहेत. तिचं ते निम्मं तिकडे असणंही बंद झालं. खांबाला धडकणं थांबलं तिचं. घरात पूर्ण असायची आणि दुःखी असायची. तेव्हा मला कळलं की ती निम्मीच बरी होती.

एके दिवशी दुपारी बाबांनी मला हाक मारली. कीबोर्डच्या कळा दिसत नाहीत, तू टाईप कर. मी बसले. ते सांगत गेले: सगळे खुशाल आहेत, जिन्याचा कठडा दुरुस्त केला, ठिणगीला मोठी ऑर्डर मिळाली. मग म्हणाले, आता रेघ मार आणि ऊठ. खालचं मी लिहितो, चुकलं तर चुकलं.

ती रेघ मला माहीत होती. दादा शिकायला वसतिगृहात होता तेव्हा तिथले देखरेख करणारे मास्तर मुलांची पत्रं आधी स्वतः उघडायचे, पंगतीत मोठ्याने वाचायचे. तेव्हा बाबांनी मास्तरांना जाऊन सांगितलं, मी पत्रात आडवी रेघ मारीन, वरचं जगाला वाचून दाखवा, खालचं माझ्या पोराचं. मास्तर खडूस होते पण शब्दाचे पक्के, रेघेपाशी थांबायचे. दादाही उत्तरात तशीच रेघ मारायचा. पुढे तो जहाजावर गेला. तिथेही सगळ्यांचे ईमेल एकाच कॉम्प्युटरवर येतात, कुणीतरी छापून वाटतं. म्हणून रेघ तशीच राहिली. खरं ते रेघेखाली. आमच्या घरात याचा कधी उच्चारही व्हायचा नाही, दाराच्या कडीबद्दल कोण बोलतं? आणि वहिनी या घरात आली तेव्हा पत्रांचा काळ संपला होता.

मी मात्र त्या दिवशी पेटले होते. संध्याकाळी जेवताना, बाबा हात धुवायला उठले तशी मी वहिनीवरच घसरले. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला काळीज आहे का? आंधळा होत चाललेला बाप चाचपडत रेघेखाली लिहितोय, आणि हा वरच्या खुशालीला उत्तर देतो.

वहिनीचा घास हातातच राहिला. तिने विचारलं, "कसली रेघ?"

मी टेबलावर बोटाने आडवी ओढून दाखवली. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मी पाणी पुढे केलं. ते तिने घेतलं नाही. मग तिने मला हळूच सांगितलं, रेघ दिसली की तिची स्क्रिप्ट काय करते. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा टेबलावर न उमटलेली ती रेघ मी तळव्याने पुसली.

बाबा पंच्याने हात पुसत आले. मी खुणेने वहिनीला म्हटलं, राहू दे, सांगू नको, गुपचूप दुरुस्त कर. बाबांना कशाला त्रास, आणि हिला तरी कशाला? पण ती उभी राहिली. या बाईला मी भित्री समजत होते.

"बाबा, तुम्ही रेघेखाली जे लिहीत होता ते त्यांच्यापर्यंत कधी गेलंच नाही. मी कापलं. माझ्या हातून गेलं."

बाबा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्यांनी विचारलं, सगळं? ती म्हणाली, सगळं. पहिल्यापासून? पहिल्यापासून.

"म्हणजे त्याला माहीतच नाही," ते म्हणाले. "तो गप्प नव्हता."

आणि बाबा हसले. देवाशपथ हसले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर असं काही बघितलं. डोळे जात होते ते जातच होते, त्यात काही फरक नव्हता, पण मनातला काटा निघाला होता. वहिनी रडत होती. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तो आधी कानावर पडला, मग सापडलं डोकं. म्हणाले, वेडे, माझा मुलगा परत दिलास मला. मीही रडले, पण माझं रडणं रागासारखंच दिसतं, त्यामुळे कुणी समजूत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नवा ईमेल लिहिला. जुने पुन्हा पाठवू का, असं मी विचारलं तर नको म्हणाले, शिळं कशाला वाढायचं. या वेळी वर काहीच नव्हतं. ना खुशाली, ना कठडा. नुसती खालची दोन वाक्यं, रेघेशिवाय. वहिनीने ती आपल्या हाताने पाठवली, सोबत आपली स्क्रिप्ट काय कापत होती तेही दादाला कळवलं, आणि त्या गार खोलीत कपाटाला टेकून उभी राहिली. म्हणाली, जाताना ऐकलं मी. मी म्हटलं, बरं.

दादाचं उत्तर आलं ते मी बाबांना वाचून दाखवलं. पुढच्या बंदरात उतरतो, बदली माणूस मागितलाय. आणि पुढे, रेघेशिवाय: रेघेखाली मीही लिहायचो बाबा, प्रत्येक वेळी. तुम्ही खाली काहीच लिहीत नाही म्हणजे अजून राग आहे, असं मला वाटायचं. तरी मी लिहायचो. बाबांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. दादाने काय काय लिहिलं होतं ते कुठेच उरलं नव्हतं. जहाजावरच्या कॉम्प्युटरमधून ईमेल गेला की तिथला पुसून टाकतात आणि इकडे वहिनीच्या स्क्रिप्टने आपलं काम चोख केलं होतं.

खरी वहिनी मला त्यानंतर दिसली. तिने स्क्रिप्ट बदलली: खालचं दर वेळी तेच ते असेल तरच कापायचं, नवं असेल तर जसंच्या तसं सोडायचं. आमच्यापुरतं काम झालं होतं. पण ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, सगळ्या जहाजांना आणि सगळ्या घरांना कळवायचं, की आजवर रेघेखाली लिहिलेलं पोचलेलं नाही. साहेब म्हणाले, कशाला आगीत हात घालताय, कुणाची तक्रार नाही. वहिनी म्हणाली, साहेब, जे आलंच नाही त्याची तक्रार कोण करील? साहेबांनी नोकरीची आठवण करून दिली. तिने तरीही कळवलं, खाली स्वतःचं नाव घालून. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तिच्या कपाळाला टेंगूळ होतं, येताना खांबाला धडकून आली होती. मला इतका आनंद झाला की मी तिला भाजी चिरू दिली नाही.

उत्तरं आली. कुणी शिव्या दिल्या, त्या तिने मुकाट्याने घेतल्या. कुणी लिहिलं, आमचं काही नव्हतं, नुसता पत्ता होता. एका बाईने लिहिलं, रागाच्या भरात नवऱ्याला नको नको ते लिहिलं होतं आणि तो पठ्ठ्या गोड गोड उत्तरं पाठवत होता, तेव्हा उपकार झाले. बोटीवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, माझ्या मुलीने काही लिहिलं होतं का, एवढंच सांगा. ते वहिनीला सांगता येईना. तिने त्या मुलीलाच फोन केला. मग खोलीत येऊन माझ्या शिवणयंत्राजवळ जमिनीवर बसून राहिली. साहेबांनी तिला काढलं नाही. उपकार मानणाऱ्या त्या बाईचं पत्र त्यांना आवडलं असावं.

इकडे दिवस जात होते. दादाच्या जहाजाला वादळ आड आलं, बंदर लांबलं. बाबा रोज उठून माझा चेहरा बघायचे, आज किती उरलाय ते. कान आहेत, म्हणायचे, केस आहेत. मी त्यांना औषध घालताना मनात दादाला शिव्या घालायची, लवकर ये मेल्या. वहिनी दुपारभर नकाशा उघडून बसायची आणि पाण्यावरून बोट सरकवायची. घर सगळं झोपेत चालल्यासारखं झालं होतं. दार वाजलं की तिघेही उठायचो आणि दूधवाला निघायचा.

आणि एका दुपारी दूधवाला निघाला नाही. खांद्यावर बॅग, उन्हाने रापलेला, दारात दादा. वहिनी उठली पण पुढे झाली नाही, बाबांचा मान आधी. बाबा खुर्चीतून उठले, हात पुढे करून खोलीच्या मध्यापर्यंत आले, त्याच्या समोर थांबले. आणि मान फिरवून खिडकीकडे तोंड केलं.

दादा जागच्या जागी थिजला. मागच्या खेपेचं सगळं त्याच्या तोंडावर आलं. मी बोलायला तोंड उघडलं तर वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं.

"तोंड फिरवलं नाही रे," बाबा तसेच खिडकीकडे बघत म्हणाले. "समोर बघितलं की तू नाहीसा होतोस. असं बघितलं की दिसतोस. हलू नकोस."

दादा हलला नाही. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. बाबा खिडकीकडे तोंड करून त्याला बघत राहिले, कपाळ, कान, हनुवटी, सावकाश, जन्मभर खिळे बघितले तसे.

"केस पिकले की तुझे," बाबा म्हणाले.

दादा रडत होता, पण हलला नाही.